ऑनलाइन पदव्युत्तर पदवी : मान्यता कशी तपासावी, खर्च कसा मोजावा?

लखनौच्या हजरतगंज किंवा अलीगंज भागातून फेरफटका मारला, तर स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांच्या फलकांशेजारी 'नोकरी करता करता एम.बी.ए.', 'घरबसल्या एम.सी.ए.' अशा जाहिराती हमखास दिसतात. असे फलक आज पुणे, नागपूर, इंदूर, बेळगाव अशा कोणत्याही शहरात आढळतील. तिशी-पस्तिशीत क्षेत्र बदलू पाहणारा, घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळेचे शुल्क सांभाळणारा नोकरदार हा या जाहिरातींचा मुख्य ग्राहक असतो. त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात. ही पदवी उद्या नोकरीच्या ठिकाणी ग्राह्य धरली जाईल का? आणि आपल्या ऐपतीत ती बसेल का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधता येतात. मात्र ती जाहिरातीत नव्हे, तर नियमांत आणि विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकांत शोधावी लागतात.

पदवी देण्याचा अधिकार कोणाला?

भारतात पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ मध्ये स्पष्ट केले आहे. केंद्रीय अथवा राज्य कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, याच अधिनियमाच्या कलम ३ नुसार घोषित झालेली अभिमत विद्यापीठे आणि संसदेने विशेष अधिकार दिलेल्या संस्था यांनाच हा अधिकार आहे. अन्य कोणतीही संस्था कितीही मोठ्या इमारतीत असली आणि कितीही जुनी असली, तरी ती पदवी देऊ शकत नाही.

प्रतिष्ठा आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे बोलके उदाहरण लखनौतच आहे आणि त्याचा संबंध महाराष्ट्राशी आहे. मुंबईत १८६० साली जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी कायद्याची पदवी घेऊन वकिली केली. पुढे तो व्यवसाय सोडून आयुष्य संगीतशास्त्राला वाहिले. त्यांच्या प्रेरणेने १९२६ मध्ये लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारखे प्राचार्य या संस्थेला लाभले आणि देशभर तिचा लौकिक झाला. तरीही या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो २००० साली. २०२२ मध्ये राज्य सरकारच्या कायद्याने तिचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालयात रूपांतर झाले. लौकिक आणि ज्ञान यांत कोणतीही उणीव नसलेल्या संस्थेलाही विद्यापीठ म्हणून कायदेशीर दर्जासाठी सुमारे पाऊण शतक थांबावे लागले. हे ध्यानात घेतले, तर काल-परवा निघालेल्या संकेतस्थळावरील 'पदवी'कडे किती सावधपणे पाहावे, हे वेगळे सांगायला नको.

बनावट विद्यापीठांचा प्रश्न उत्तर प्रदेशात विशेष गंभीर आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तत्कालीन आकडेवारी देताना केंद्रीय शिक्षणमंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी लोकसभेत सांगितले, की आयोगाने देशातील २४ स्वयंघोषित संस्था बनावट ठरवल्या आहेत. त्यांपैकी सर्वाधिक ८ उत्तर प्रदेशातील होत्या. याशिवाय नियमभंग करणाऱ्या आणखी दोन संस्थांची प्रकरणे त्यावेळी न्यायप्रविष्ट होती; त्यांतील एक लखनौची होती. आयोग अशा संस्थांची यादी आपल्या संकेतस्थळावर वेळोवेळी प्रसिद्ध करतो. प्रवेशाचा विचार करणाऱ्याने पहिली नजर या यादीवर टाकावी.

विद्यापीठ खरे, तरी अभ्यासक्रम मान्य असेलच असे नाही

विद्यापीठ खरे असले, की काम संपले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने शिकवण्यासाठी विद्यापीठाला निराळी मान्यता लागते आणि ही मान्यता अभ्यासक्रमागणिक व सत्रागणिक पाहावी लागते. एखाद्या विद्यापीठाला एम.कॉम. ऑनलाइन शिकवण्याची परवानगी असेल, पण एम.सी.ए. शिकवण्याची नसेल, असे घडू शकते. गेल्या वर्षी असलेली परवानगी यंदा नसेल, असेही घडू शकते. नियमांचे पालन न केल्यामुळे काही नामांकित विद्यापीठांनाही नव्या सत्रात प्रवेश देण्यास आयोगाने यापूर्वी मनाई केलेली आहे.

या व्यवस्थेचा इतिहास थोडक्यात असा. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठात ही सोय १९७१ पासून झाली. १९८२ मध्ये हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. दूरस्थ शिक्षणाचे नियमन आरंभी इग्नूच्या अंतर्गत असलेल्या दूरस्थ शिक्षण परिषदेकडे होते. २०१३ मध्ये ते विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आले आणि आयोगाचा दूरस्थ शिक्षण विभाग, म्हणजेच डीईबी, हे काम पाहू लागला. संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्याची वाट २०१८ च्या विनियमांनी मोकळी केली. ४ सप्टेंबर २०२० रोजी दूरस्थ आणि ऑनलाइन अशा दोन्ही पद्धतींसाठी एकत्रित विनियम अधिसूचित झाले.

या २०२० च्या विनियमांतील क्रमांक २२ ची तरतूद विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. मान्यताप्राप्त संस्थेने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी ही त्याच विषयातील नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, असे ती सांगते. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने जाहीर सूचना काढून या तरतुदीचा पुनरुच्चार केला. त्यामुळे मान्यताप्राप्त ऑनलाइन एम.ए. केलेला उमेदवार आवश्यक टक्केवारी असल्यास नेट परीक्षेला बसू शकतो. सर्वसाधारण प्रवर्गासाठी ही अट ५५ टक्क्यांची आहे.

समकक्षता म्हणजे एकरूपता मात्र नव्हे. शिक्षणाची पद्धत कोणती होती, याची नोंद पदवी प्रमाणपत्रावर आणि गुणपत्रिकेवर असावी, अशी नियमांची अपेक्षा आहे. म्हणून 'प्रमाणपत्रावर ऑनलाइन असा उल्लेखच येणार नाही' असे आश्वासन कोणी मध्यस्थ देत असेल, तर त्याच्याकडून प्रवेश न घेणे हेच उत्तम.

जेव्हा पदवीच हातून निसटते

मान्यतेकडे दुर्लक्ष केल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने दाखवून दिले. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक पूर्वमान्यता न घेता दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि त्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेमार्फत परीक्षा देऊन त्या टिकवण्याची संधी दिली. त्यानंतरच्या प्रवेशांवर आधारलेल्या पदव्या रद्दबातल ठरल्या. त्या पदवीच्या बळावर अनेकांनी बढत्या मिळवल्या होत्या. वर्षानुवर्षे नोकरीत असलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसावे लागले. चूक संस्थांची होती, झळ मात्र विद्यार्थ्यांना बसली.

सध्याच्या विनियमांनुसार अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुरचना, विधी, कृषी आदी विषयांच्या पदव्या ऑनलाइन वा दूरस्थ पद्धतीने देता येत नाहीत. एम.फिल. आणि पीएच.डी.लाही ही मुभा नाही. 'ऑनलाइन एल.एल.बी.' किंवा 'दूरस्थ बी.फार्म.' अशी जाहिरात दिसल्यास तिची अधिक चौकशी करण्याचेही कारण नाही.

या यादीत २०२५ मध्ये महत्त्वाची भर पडली. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र, चिकित्सात्मक पोषण व आहारशास्त्र यांसारखे आरोग्यसेवेशी निगडित अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने चालवू नयेत, असा निर्णय आयोगाने घेतला. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून तो लागू झाला. संबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेला कायदा हा या निर्णयाचा आधार आहे. समुपदेशनाकडे वळू इच्छिणारे अनेक शिक्षक, मनुष्यबळ अधिकारी आणि गृहिणी दूरस्थ एम.ए. मानसशास्त्राचा मार्ग निवडत असत. नव्या विद्यार्थ्यांसाठी तो मार्ग आता बंद झाला आहे. जुनी माहितीपुस्तिका हाती धरून बेत आखणाऱ्यांनी याची विशेष नोंद घ्यावी.

तपासणी कशी करावी?

मान्यता पडताळण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. डीईबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्था आणि अभ्यासक्रम यांची सत्रनिहाय यादी असते. तीत विद्यापीठाचे नाव, अभ्यासक्रमाचे नेमके नाव, आपण प्रवेश घेत असलेले सत्र आणि 'ऑनलाइन' की 'मुक्त व दूरस्थ' ही पद्धत, अशा चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. एकही जुळत नसेल, तर शुल्क भरू नये.

संकेतस्थळाची नक्कल करणाऱ्यांचाही सुळसुळाट असतो. त्यामुळे दूरध्वनीवर किंवा संदेशातून आलेल्या दुव्यावरून न जाता आयोगाच्या मूळ संकेतस्थळावरून या यादीपर्यंत जावे. २०२४ पासून ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी ओळख क्रमांक काढणे बंधनकारक करण्यात आले आहे. हा क्रमांक शैक्षणिक श्रेयांक पेढीतील खात्याशी जोडलेला असतो. 'क्रमांकाचे आम्ही नंतर पाहून घेऊ' असे सांगणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे.

प्रवेश देणारा नेमका कोण, हेही पाहावे. अनेक विद्यापीठे जाहिरात आणि तांत्रिक सेवेसाठी खासगी कंपन्यांची मदत घेतात. परंतु शिक्षण, परीक्षा आणि पदवी ही जबाबदारी विद्यापीठाचीच असते. विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम खासगी कंपन्यांना 'फ्रँचायझी' म्हणून चालवायला देऊ नयेत, असे आयोगाने २०२२ च्या आरंभी बजावले होते. शुल्क विद्यापीठाच्या अधिकृत खात्यात जात आहे ना आणि पावती विद्यापीठाच्या नावाची आहे ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ फसवणूक टळते.

लखनौत राहून कोणते पर्याय?

दूरस्थ आणि ऑनलाइन या दोन पद्धतींत एक व्यावहारिक भेद आहे. राज्य मुक्त विद्यापीठाला दूरस्थ शिक्षण आपल्या राज्याच्या हद्दीतच देता येते. समजा, नाशिकची एखादी व्यक्ती बदली होऊन लखनौला आली, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र तिला तेथे मिळणार नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमांना मात्र अशी भौगोलिक मर्यादा नाही. बदलीची नोकरी असणाऱ्या बँक, रेल्वे किंवा संरक्षण दलातील कुटुंबांसाठी हा मुद्दा कळीचा ठरतो.

लखनौत इग्नूचे प्रादेशिक केंद्र तेलीबागजवळच्या वृंदावन योजना वसाहतीत आहे. प्रयागराज येथे मुख्यालय असलेल्या उत्तर प्रदेश राजर्षी टंडन मुक्त विद्यापीठाचेही प्रादेशिक केंद्र शहरात आहे. पुस्तके, ओळखपत्र, स्वाध्याय, परीक्षा केंद्र यांविषयी अडचण आल्यास प्रत्यक्ष जाऊन दाद मागता येईल असे कार्यालय आपल्या शहरात असणे, ही ऑनलाइन युगातही मोठी सोय आहे.

तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात वरचा टप्पा गाठू इच्छिणाऱ्यांसाठी शेजारच्या कानपूरचा पर्याय आहे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२२ मध्ये सायबर सुरक्षा, संदेशवहन प्रणाली, वीज क्षेत्राचे नियमन आणि वस्तू बाजारातील जोखीम व्यवस्थापन या विषयांत नोकरदारांसाठी 'ई-मास्टर्स' पदवी सुरू केली. तिला गेट परीक्षेची अट नाही आणि एक ते तीन वर्षांत ती पूर्ण करता येते. तिचे शुल्क मात्र आठ लाख रुपयांच्या घरात आहे. त्यामुळे हा पर्याय स्वस्त म्हणता येणार नाही.

नामांकित व्यवस्थापन संस्थांच्या कार्यकारी प्रमाणपत्र अभ्यासक्रमांबाबतही एक खुलासा आवश्यक आहे. त्यांतून उत्तम शिक्षण मिळू शकते. पण काही महिन्यांचे प्रमाणपत्र म्हणजे पदव्युत्तर पदवी नव्हे. जेथे 'पदव्युत्तर पदवी आवश्यक' अशी अट असते, तेथे ते चालत नाही.

परदेशी ऑनलाइन पदव्याही आता आवाक्यात आल्या आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया टेक विद्यापीठाने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन मास्टर्स पदवी सुमारे सात हजार डॉलरमध्ये देण्यास सुरुवात केली आणि जगभर तिची चर्चा झाली. खासगी क्षेत्रात अशा पदवीचे स्वागत होते. तथापि सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएच.डी. हे ध्येय असेल, तर परदेशी पदवीची भारतातील समकक्षता हा स्वतंत्र विषय ठरतो. त्यासाठी आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये वेगळे विनियम अधिसूचित केले आहेत. ते वाचूनच पुढचे पाऊल टाकावे.

खर्चाचा खरा हिशेब

शुल्कातील तफावत थक्क करणारी आहे. मुक्त विद्यापीठांत मानव्यविद्या शाखेतील अनेक एम.ए. अभ्यासक्रम दोन वर्षांना मिळून वीस हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून कमी खर्चात होतात. इग्नूच्या एम.बी.ए.चा खर्च साधारण साठ-पासष्ट हजारांच्या घरात जातो. खासगी व अभिमत विद्यापीठांचे ऑनलाइन एम.बी.ए. बहुधा दीड-दोन लाखांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून पुढे जाते. शुल्क दरवर्षी बदलते, म्हणून नेमका आकडा चालू सत्राच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा.

जाहिरातीतील आकडा हा बहुतेकदा संपूर्ण आकडा नसतो. नोंदणी, परीक्षा, पुनर्परीक्षा, प्रकल्प मूल्यमापन, पदवी प्रमाणपत्र आणि मुदतवाढ यांची शुल्के वेगळी असू शकतात. सर्वसाधारणपणे अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के गुण असतात, उरलेले सत्रअखेरच्या परीक्षेला. ही परीक्षा घरून संगणकावर होणार, की केंद्रावर जाऊन द्यावी लागणार, हे आधी विचारावे. केंद्र दुसऱ्या शहरात असेल, तर प्रवास, मुक्काम आणि रजा यांचा खर्च चार सत्रांना धरावा लागेल.

'शून्य व्याजाचे हप्ते' हा शब्दप्रयोगही नीट वाचावा. पुष्कळदा हे हप्ते विद्यापीठाचे नसून एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते. अभ्यासक्रम मध्येच सोडला, तरी कर्ज सुटत नाही. स्वाक्षरीपूर्वी शुल्क परताव्याचा नियम लेखी मागून घ्यावा.

पदवीने क्षेत्र खरेच बदलेल का?

येथे प्रामाणिक उत्तर 'क्षेत्रावर अवलंबून' असेच आहे. काही ठिकाणी पदवी हे प्रवेशद्वार असते. महाविद्यालयीन अध्यापनासाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी आणि नेट वा सेट लागते. शाळेत शिकवायचे, तर केवळ एम.ए. पुरत नाही, बी.एड.ही लागते. ग्रंथपाल होऊ इच्छिणाऱ्याने पदव्युत्तर अभ्यासक्रमाआधी ग्रंथालयशास्त्राच्या पदवीची अट पाहावी. एम.सी.ए.साठी बारावीला किंवा पदवीला गणित होते का, हा प्रश्न विचारला जातो.

माहिती विश्लेषण, विपणन, मजकूरलेखन, अनुवाद या क्षेत्रांत मात्र केलेल्या कामाचे नमुने पदवीइतकेच, कधी अधिक बोलतात. अनुवादाचेच पाहा. इग्नूने २००७ मध्ये अनुवाद अध्ययनाची स्वतंत्र प्रशाला स्थापन केली आणि तेथे या विषयात एम.ए. करता येते. सरकारी अनुवादक पदासाठी विशिष्ट भाषांतील पदवीच्या अटी असतात आणि त्या पुऱ्या कराव्याच लागतात. परंतु वृत्तसंस्थेत किंवा प्रकाशनसंस्थेत उमेदवारापुढे पहिल्याच दिवशी एक परिच्छेद ठेवला जातो आणि तो किती वेळात, किती स्वच्छ मराठीत येतो, हे पाहिले जाते. पदवी त्या टेबलापर्यंत नेते. पुढचे काम हाताला करावे लागते.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी एक साधा प्रयोग करण्यासारखा आहे. ज्या पदावर जायचे आहे, त्या पदाच्या दहा-पंधरा ताज्या जाहिराती जमवाव्यात आणि त्यांत पदवीची अट किती ठिकाणी आहे, ते मोजावे. अट बहुतेक ठिकाणी असेल, तर मान्यताप्राप्त आणि परवडणारी पदवी घ्यावी. नसेल, तर आधी एखादा लहान अभ्यासक्रम करून पाहावा. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' मंचावर २०१७ पासून असे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. तेथे शिकणे विनामूल्य असून प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी अल्प शुल्क पडते. नवा विषय आपल्याला रुचतो का, रात्री साडेनऊनंतर तासभर बसणे जमते का, हे तीन महिन्यांत कळते. दोन वर्षांचे शुल्क भरून ते कळण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

ऑनलाइन आणि दूरस्थ प्रवेश वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी या सत्रांत होतात. 'आज रात्री बारापर्यंतच सवलत' असे सांगून कोणी घाई करत असेल, तर पुढचे सत्र सहा महिन्यांवर आहे, हे लक्षात ठेवावे. चुकीच्या पदवीत जाणाऱ्या दोन वर्षांच्या तुलनेत सहा महिने थांबणे फार मोठे नाही.